हाडडिश कोणाच्या हवाली

मी, खाली सही करणारी, वय झालेली, विधवा, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. शुद्धीत आहे, शुद्धलेखनात नाही. ही दोन्ही एकच समजणारा एक माणूस आमच्या घराण्यात आहे, त्याचा समाचार पुढे घेतलाय. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणायला आधी माझ्या खोलीत यावं लागतं. वकील म्हणाला, "आजी, छापील नमुना आहे, नुसत्या जागा भरा." मी म्हटलं, "तुझ्या नमुन्यात टोमण्यांना जागा कुठाय?" म्हणून हे माझ्या हातचं. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यात बदल करायचा विचारही नाही.

कलम पहिलं. राहतं घर चिरंजीव आणि लेक यांना निम्मं निम्मं. बँकेत जे काही असेल तेही तसंच. दोघं भांडणार हे मला माहीत आहे, पण ते मी गेल्यावर, म्हणजे माझ्या डोक्याला ताप नाही. मोरीच्या नळाला नवा वायसर मी स्वतः बसवलाय, वाटणी करताना तोही धरावा. माझ्यामागे सभा घेऊ नये. आमचे हे गेले तेव्हा एका गृहस्थाने भाषणात सांगितलं की ते अतिशय मितभाषी होते. घरात माझ्याशी तोंड न उघडण्याला मितभाषी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कलम दुसरं. काचेचं कपाट आणि आतली सगळी पुस्तकं. ही यांची. किल्ली यांच्या खिशात असायची आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली असायची. वाचायची नव्हतीच, पाहुण्यांनी बघायची होती. हे गेल्यावर मी एकेक काढून वाचली. बरीच भिकार निघाली. इतिहासाची जाडी तर अशी की एकच लढाई तीनदा वाचावी लागते. जी आवडली त्यांच्याबद्दल मी नेटवरच्या माझ्या पानावर लिहिलंय, जी नाही आवडली त्यांच्याबद्दल जास्त लिहिलंय. कपाट लेकीला द्यावं. लेक पुस्तकाशेजारी चहाचा कप ठेवून फोटो काढते आणि लोकांना दाखवते. मी एकदा विचारलं, "शेवट काय झाला गं याचा?" तर म्हणाली, "आई, तू ना, सगळ्याची मजा घालवतेस." बापाची लेक. कप मात्र माझे नेऊ नयेत.

कलम तिसरं. चिरंजीवांनी दिलेली काचेची पाटी, जिच्यावर बोट फिरवलं की चित्रं सरकतात, ती चिरंजीवांना परत. साहेब कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांचं म्हणणं असं की म्हातारीने जुनं मशीन सोडून हिच्यावर नातवंडांचे फोटो बघत बसावं. मी ती पाटी उलटीसुलटी करून पाहिली. एक स्क्रू नाही. जी वस्तू उघडता येत नाही ती आपली कशी म्हणायची? डब्यातून काढली तशीच डब्यात आहे, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.

कलम चौथं. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, चिमटा, धूळ झाडायचा जुना टूथब्रश आणि खोडरबर. खोडरबर फेकू नये, मशीनच्या मेमरीच्या पट्टीचे पाय त्यानेच घासायचे असतात, मग बंद पडलेलं मशीन निमूट चालू होतं. हे सगळं सूनबाईला. तिने एकदा मिक्सर उघडला होता आणि नवऱ्याची चाहूल लागताच वर फडकं टाकलं होतं. यापुढे फडकं टाकू नये.

कलम पाचवं. आता मुख्य गोष्ट, मशीन.

हे मशीन यांनी आणलं आणि त्याला झालर लावलेलं कापड घातलं. मी हात लावला तर बिघडेल म्हणायचे. स्वतः त्याच्यावर पत्ते खेळायचे आणि हरायचे, तेही एकट्याने. हे गेले, त्यानंतर मी आधी कापड काढलं, मग स्क्रू काढले. आत काय काय सापडलं, काय जोडलं, काय जळालं, ते मी रोज दुपारी लिहीत गेले. पंख्याचा आवाज, नवी सिस्टीम टाकताना दिलेल्या शिव्या, वाचलेलं पुस्तक, शेजारणीचं मांजर, जे मनात येईल ते. पान चालतं याच मशीनमधून. मशीन बंद तर पान बंद, आणि मी लिहिलेलं सगळं त्याच्या हाडडिशवर आहे.

होय, हाडडिश. मी असंच म्हणते.

मागच्या आठवड्यात चिरंजीव भंगारवाल्याला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी आत मशीनपुढे बसलेली. बोटाने दाखवत म्हणाले, "हे आणि तो जुना टीव्ही. पण आई आहे तोवर राहू दे." भंगारवाला बिचारा मला बघून वरमला. चिरंजीव वरमले नाहीत. मी म्हटलं, "अरे, माझंही वजन करून घे म्हणावं." तर म्हणतात, "आई, त्यात आहे काय एवढं?" आहे काय, हे त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. पानाचा पत्ता मी त्यांना स्वतः पाठवला होता. उत्तरादाखल अंगठा आला.

तेव्हा हे मशीन कोणाला, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि ज्याच्यावर माझा सगळ्यात जुना राग आहे त्यालाच ते देते. ते म्हणजे माझे धाकटे दीर, मागच्याच गल्लीत राहणारे भाऊजी. भाऊजी छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाले तरी लाल पेन खिशातच असतं, जेवायला बसले तरी. मी नवी नवरी असताना वडिलांना पत्र लिहिलं आणि टाकायला भाऊजींकडे दिलं. त्यांनी त्यात लाल शाईने चुका काढल्या आणि तसंच टाकलं. वडिलांना वाटलं, पोरीला सासरी मार्क देतात. हे मी विसरलेली नाही. भाऊजींनीही विसरू नये.

माझ्या पानावर प्रत्येक नोंदीखाली 'एक वाचक' या नावाने कोणीतरी लिहितं. 'हाडडिश नव्हे, हार्ड डिस्क.' 'मांजराचे वर्णन लांबले आहे, काटावे.' 'ग्रंथाचा शेवट आपल्याला समजलेला दिसत नाही, पुन्हा वाचावा.' इतके स्वल्पविराम आमच्या खानदानात एकच माणूस घालतो. मी ओळख दाखवली नाही. सणसणीत उत्तर तेवढं द्यायचे. त्यावर दुसऱ्या दिवशी नेमाने उलट उत्तर यायचं.

मग एकदा माझ्या कीबोर्डचं शिफ्टचं बटण गेलं. डावं आधीच मेलेलं, त्या दिवशी उजवंही गेलं. मी इंग्रजी बटणांवरून मराठी टाइप करते, मोठ्या लिपीतलं अक्षर आलं नाही की ट चा त होतो, ळ चा ल, ण चा न. मला काय त्याचं, मी तशीच नोंद टाकली. 'आज पंखा काधला. आत कोल्याचं जालं होतं. बोत कापलं. आता कंताला आलाय.' आणि चहा ठेवायला गेले.

चहाला उकळी येते न येते तोच दारावर थापा. उघडलं तर भाऊजी. धापा टाकतायत, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात घरातल्या सपाता, मागे कोपऱ्यावरचा डॉक्टर.

"वहिनी," म्हणाले, "काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"हात वर करा दोन्ही. हसून दाखवा."

"तुमचं ध्यान बघून हसायला सांगावं लागतंय होय?"

डॉक्टरने माझी नाडी बघितली, मग भाऊजींची बघितली आणि भाऊजींना खुर्चीत बसवलं. त्यांना वाटलं होतं मला झटका आला, जीभ जड झाली. मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" तर खिडकीकडे बघत म्हणाले, "इकडून चाललो होतो." सपाता घालून. मी शिफ्टची गोष्ट सांगितली नाही. चहा दिला. जाताना माझी नोंद आठवून म्हणाले, "कोळी ळ ने लिहितात." मी म्हटलं, "लिहीत असतील."

चिरंजीव याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना ही नोंद आजवर माहीत नाही.

म्हणून मशीन, कीबोर्ड आणि हाडडिश भाऊजींना. अटी अशा. मशीन चालू ठेवायचं. पंखा दर महिन्याला साफ करायचा. मी लिहिलेल्या एकाही अक्षराला हात लावायचा नाही, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी तर नाहीच. खाली काय कुरकुर करायची ती करावी, तो हक्क त्यांचा आहे. एक जरी अक्षर सुधारलं, तर मशीन भंगारवाल्याला फुकट द्यावं, तो निदान वरमतो. मशीन उघडायचा परवलीचा शब्द आहे हाडडिश. मी म्हणते तसाच लिहायचा. बरोबर लिहिला तर मशीन उघडत नाही. रोज सकाळी भाऊजींना ही एक चूक आपल्या हाताने करावी लागेल, ही माझी त्या पत्राची परतफेड.

आणि शेवटची अट. मी गेल्याची नोंद भाऊजींनीच टाकायची, स्वतःच्या नावाने, 'एक वाचक' म्हणून नाही. तीत एक तरी चूक राहू द्यावी. मग खाली कोणी काही लिहितं का, याची दुसऱ्या दिवशी वाट बघत बसावं. मी वर्षानुवर्षं बसत होते.

हे सगळं मी वाचून पाहिलं, बरोबर आहे. तपासायला कोणाला दिलेलं नाही.

साक्षीदार : १. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारे. यांना काहीही दिलेलं नाही, कारण ज्याला मिळतं त्याने साक्ष घालायची नसते.
२. वाचनालयातल्या बाई. यांनाही काही नाही, त्यांचं एक पुस्तक मात्र माझ्या उशीखाली आहे, ते परत करावं.

ठिकाण : मागची खोली, मशीनपुढची खुर्ची.
तारीख : सही-शिक्क्याशेजारी वकिलाने घातली आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर उद्या भंगारवाल्याचा फेरा आहे.

सही : भाऊजींची वहिनी