आबांच्या रक्ताचा रिपोर्ट

काष्टी

भीमराजदादा, जय भीम.

आबांचे हात दारूनं थरथरतात, असं म्हणून तू घर सोडलंस. परवा श्रीगोंद्यात त्यांचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षानुवर्षं फवारणी करून विषारी औषध अंगात भिनलंय. आता फवारणी बंद. महिन्यानं पुन्हा रक्त बघू." मी भीत भीत दारूचं विचारलं. "लिव्हर चांगलं आहे. हे दारूचं नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आबा बाकावर टेकले. मग म्हणाले, "भीमाला कळवू नको. त्याला वाटंल, म्हातारा आता नवं सोंग काढतोय." त्यांनी मला शपथ घातली, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना.

काल त्यांना पाण्याचा तांब्या धरता आला नाही. मीच पाजलं. तरी आत्ता लिंबाच्या बागेचे मालक बोलवायला आलेत आणि आबा म्हणतायत, "एवढ्या बागंवर औषध मारून येतो, मग न्हाई."

पंप पाठीवर घेताना पट्टा त्यांच्या हातातून सुटतोय. दादा, माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकलं असतं.

मी उठते, दारात आडवी उभी राहते.

तुझी धाकटी,
माधुरी