झऱ्याचं वेळापत्रक

प्रिय रविना,

तू मोबाइलवर पाठवलेला आराखडा तीनदा पाहिला. निळ्या-हिरव्या पट्ट्या, कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार, सगळं एका नजरेत. हुशार निघालीस हे मान्य, पण बापाला चष्मा लावून पडदा आडवा-उभा सरकवायला लावलास, हे काही बरं नाही. इकडे खोडाळ्यात शेतात नागली पिवळी पडलीय. दुपारी ओट्यावर जरा डोळा लागला की मला नवशीआजीच्या पाड्यावरचा झरा ऐकू येतो. तो आटून बावीस वर्षं झाली, तरी ऐकू येतो. तोच झरा तुला पुन्हा वाहता करायचाय, म्हणून हल्ली जरा जास्तच.

मी पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्थेत लागलो तेव्हा प्रकल्प म्हणजे शाळेच्या भिंतीवर ठोकलेला एक कागद. इतके बांध, इतके खड्डे. रोप जगलं का, हे कोणी विचारत नसे, खड्डा मोजला की झालं. पुढे लोकसहभाग आला. बायका अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढत, झरे बोट ठेवून दाखवत. आम्ही फोटो काढून चहा पिऊन निघत असू. आता तुमच्या आराखड्यांत ‘शाश्वत’ हा शब्द पानोपानी असतो. शब्द चांगला आहे, माझी तक्रार नाही.

नवशीआजीच्या पाड्याची रीत वेगळी होती. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जात, शिमग्याला परतत. होळी झाली की घरटी एक जण झऱ्यापाशी रांगेत उभा राही आणि गाळ टोपलीने हातोहात बाहेर येई. पहार, कुदळ लावायची नाही. मला ते सगळं धुक्यात पाहिल्यासारखं आठवतं, हसणारी माणसं, गुडघाभर गार पाणी, आणि साऱ्या पाड्याच्या त्या आजीच्या मांडीवर नागलीची भाकर खाणारी तू.

झरा आटला त्या वर्षी संस्थेच्या साहेबांना फेब्रुवारीत काम दाखवायला पाहुणे आणायचे होते. झरा खोल करून बांधायचा होता आणि पाडा तर रिकामा. आजी झऱ्याच्या काठावर बसून राहिली. “शिमग्याला पोरां येतील, भाऊ. तवर हात नको लावा,” एवढंच म्हणाली. मी हसलो. म्हातारीची समजूत म्हणालो आणि जेसीबी बोलावला. दुसऱ्या दिवशी तळाचा काळा खडक तडकला. पाहुणे आले तेव्हा कुंड भरलेलं होतं, टाळ्याही झाल्या. चौथ्या दिवशी पाणी भेगेतून खाली निघून गेलं. आजी हंडा उचलून पाण्यासाठी दरीत उतरली. ती गेली, आता तिची सून चैती उतरते. मला त्या वाटेकडे बघवत नाही.

तुझ्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलंय, ‘कमी पावसामुळे झरा आटला’, आणि पुढे फेब्रुवारीत यंत्राने खोलीकरण. ते वाक्य तू जुन्या अहवालातून घेतलंस. तो अहवाल मी लिहिला होता, जव्हारच्या कचेरीत बसून, साफ खोटा. आपली चूक लिहायला कागदावर रकाना नव्हता, आणि माझ्यात हिंमत नव्हती. शुक्रवारी तू आराखडा मंजुरीला देणार आहेस. त्याआधी ते वाक्य खोड, खरं कारण माझ्या नावासकट लिही, आणि यंत्राची पट्टी काढून टाक. कधी आणि कसं, ते चैतीला विचार. पाड्यावर सगळ्यांना सगळं माहीत आहे, रविना. तुला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही, कारण तू माझी मुलगी.

तुझाच,
बाबा