ताप उतरला त्या सकाळी

आई, तुझा ताप उतरला ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. चुलीपाशी बसून तू चहा पितेयस, कपाळावरचा घाम पदराने पुसतेयस. मी म्हणाले, आज बाजार राहू दे. तू पाटी उचललीस. "ताप काय, येतो नि जातो. मासळी थांबत नाय." आपल्या धाकटी डहाणू गावात तापाला कोण घाबरायचं तेव्हा? संध्याकाळी बाजारातून बायांनी तुला धरून आणलं, तेव्हा तू मला ओळखलं नाहीस. दवाखान्यात पोचेपर्यंत मलेरिया डोक्यात चढला होता. डॉक्टर वाईट बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "सकाळी आणलं असतं तर." मी नर्सिंगला गेले ती त्या वाक्यामुळे. तू मला पांढऱ्या कपड्यांत कधी पाहिलं नाहीस.

आता तलासरीकडच्या दवाखान्यात वॉर्ड माझ्याकडे असतो. भातलावणीच्या दिवसांत खाटा पुरत नाहीत. परवा गंजाडची एक बाई आली. नवरा सांगत होता, कालपासून ताप नाही, आता बरीच आहे, नुसती झोपतेय. घरी न्यायचं म्हणून तो तिच्या चपला हातात घेऊनच उभा होता. मी तिला हाक मारली. डोळे उघडले, पण नजर माझ्यावर थांबेना. तुझी अशीच फिरत होती. मी त्याला म्हणाले, "दादा, ही झोप नाही. आज नेलीत तर परत आणता यायची नाही." त्याने चपला खाटेखाली ठेवल्या. रक्तात मलेरिया निघाला, डॉक्टरांनी लगेच शिरेतून इंजेक्शन सुरू केलं. तिची लघवी कमी झाली, झटकेही आले. अशी माणसं आमच्या हातूनही जातात, आई. औषध असूनही जातात. ही राहिली. आज सकाळी तिने नवऱ्याला नावाने हाक मारून विचारलं, भात लावून झाला का. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

मला तेव्हा तू हवी होतीस. काही सांगायला नाही. नुसती बाकावर बसलेली, अंगाला मासळीचा वास असलेली. हे लिहून कुठे टाकणार? उशीखाली राहील. एक मात्र सांगते. ती बाई माझ्याहून बरीच लहान आहे. तरी पाण्याचा पेला ओठाला लावताना माझ्या तोंडून गेलं, "आई, हळू पी." तिने वर पाहिलं. मी शब्द बदलला नाही.