मासवडीची दुसरी थाळी

मंगळवार संध्याकाळ. जुन्नर, लॉजवर.

ओतूरच्या त्याच खानावळीत गेलो. जायला नको होतं. मालकीणबाईंनी लगेच ओळखलं आणि न विचारता मासवडीच्या दोन थाळ्या आणून ठेवल्या.

"भाऊ, वैनी मागनं येत्यात ना? त्यांचा रस्सा कमी तिखट केलाय."

सुमनला जाऊन आता वर्ष होईल. मी म्हणालो, "हो, येतेय." असं का म्हणालो?

समोरचा रस्सा निवत राहिला, मी त्याच्याकडे बघत जेवलो. निघताना बाईंनी तो परत गरम करून थाळी बांधून दिली. "वैनींला गाडीतच द्या. लई दिसांनी आल्यात."

पिशवी टेबलावर आहे. खोलीभर तिळाचा, लसणाचा वास सुटलाय. गाठ सोडवत नाही. टाकून तरी कसं देऊ? तिचं जेवण आहे ते.