करुणा ढोंग करत नाही

औरंगाबाद,
९ मे २०१९

तीर्थरूप दादास,
धाकट्या शीलाचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे टँकर आला की बरे असतो. इथल्या सातारा परिसरात नळ अजून पोचलेला नाही, इमारती मात्र बघता बघता वर चढतात. दारं लावली तरी सिमेंटची धूळ भांड्यांवर बसते. काल टँकरपाशी शेजारणीशी भांडले. तुला माहीत आहे, मी मागे हटत नाही. आमचे हे वाळूजच्या कंपनीत पाळ्या बदलून बदलून वैतागलेत. मालनवहिनींचा गुडघा कसा आहे? पाचोडकडं चारा छावणी उघडली म्हणे. तुला आता तिचा काय उपयोग म्हणा.

मेंढरांचा विषय काढायचा नव्हता, निघालाच. लोकरीनं पोरीला खोकला होतो म्हणून तू सगळा कळप विकलास. चारा नव्हता हे खरं, पण विकलास तो करुणासाठी. आपल्या आबांनी हयातभर सांभाळलेला मेंढवाडा रिकामा झाला आणि खोकला काही मेंढरांबरोबर गेला नाही. म्हणून तुझा सगळा राग लेकीवर. परवा फोनवर म्हणालास, "पोरगी ढोंग करती. दम्याचा पंप नीट वढत नाय. पाव्हणे यायचे म्हणलं की लईच दम लागतो तिला." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र आपल्या गावच्या सांडूच्या दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवते आहे.

दादा, ती पंप ओढते. मागच्या महिन्यात इथं राहिली तेव्हा मी रोज समोर बसून ओढायला लावला, चूळ भरेपर्यंत हलू दिलं नाही. तरी पहाटे छाती धरून उठायचीच. मला आश्चर्य वाटलं नाही. का, ते लिहायला दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं.

मला दमा आहे. लग्नाआधीपासून. मला बघायला आले तेव्हा आईनं बजावलं होतं, खोकला आलाच तर धुरानं आला म्हण. तेव्हापासून चुलीचा, फोडणीचा, फटाक्यांचा, सगळा धूर मी कामाला लावला. पंप पिठाच्या डब्यामागं दडवला. मार्चमध्ये जिन्यातच बसकण मारली, ओठ निळे पडले, आणि ह्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. सगळं कळल्यावर हे आधी फार चिडले. मग एका सकाळी पंप देव्हाऱ्याशेजारी ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्यावर तोच आळ घेतला, जो तू करुणावर घेतोस. मी चिडले. मग त्यांनी पुढं बसवून पंप ओढायला लावला, महिनाभर नळीत फुंकायला लावून दम मोजला. आकडा हलेना, तेव्हा विचारलं, घरात आणखी कोणाला आहे? मी आबांच्या दम्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दमा घराण्यातून येऊ शकतो, आणि पंपातल्या स्टिरॉइडला कोणाचं शरीर किती दाद देतं, तेही काही अंशी जन्मतःच ठरलेलं असतं. एकाला मोकळं वाटतं, दुसऱ्याला तेच औषध निम्मंही लागू पडत नाही. नेमकं कशामुळं, ते त्यांनाही पुरतं ठाऊक नाही, त्याच्याच अभ्यासासाठी माझं रक्त घेतलंय. पण मला दुसरं औषध जोडून दिलं, आणि आता मी जिना चढते. करुणाचा पंप मात्र रागाच्या भरात बंद करू नकोस.

आपल्याला तरी हे कळायला काय झालं होतं? आबा मेंढा घेताना त्याच्या आजीपर्यंत चौकशी करायचे. दुष्काळात एकाच चाऱ्यावर एक मेंढी तग धरायची, दुसरीची हाडं वर यायची, तर म्हणायचे, "तिचा दोष नाय, तिचं बेणंच तसलं हाय." मेंढीला कोणी दोष दिला नाही. आबांना मात्र अख्ख्या घरानं दिला. म्हातारा हट्टी आहे, औषध बाहेर सोडतो, म्हणत राहिलो. ते गप्प बसायचे. हे आठवलं की जिवाला चैन पडत नाही.

रविवारी पाहुणे येणार. मुलाची कापसाची जिनिंग आहे म्हणे, घरही तिथंच. त्या उडत्या तंतूंत तिनं चोरून श्वास घ्यायचा का? मी शनिवारी येते. तू स्वतः त्यांना सांग, आमच्या घरात दमा आहे आणि पोरीला तो आहे. तू नाही सांगितलंस तर बैठकीत मी सांगेन. सोयरीक मोडली तर मोडू दे. मला दारातून परत पाठवलंस तरी चालेल, पण करुणाला माझ्याबरोबर दे, सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलंय.

परवा तिला फोनवर विचारलं, दादा तुला ढोंगी म्हणतो, तू काय म्हणालीस? काहीच नाही म्हणाली. तीही आता गप्प बसायला लागली आहे, दादा. मला त्याचीच धास्ती वाटते.

आबांच्या आणि करुणाच्या मधली,
तुझी
शीला