दोन पेट्यांच्या मधोमध

७ ऑगस्ट १९८३, रविवार

आज पुन्हा तेच! कॅसेट लावली, आईला समोर बसवलं. दोन मिनिटं ऐकलं आणि तांदळाचं ताट मांडीवर ओढून निवडायला लागली. म्हणाली, "चांगला गाते गा मानूस. कोन व्हय?"

कोण! बाबा! छत्तीस वर्षं संसार केला आणि विचारते, कोण व्हय.

बाबांच्या आवाजाची ही एकच खूण. एकाहत्तर साली चंद्रभान मास्तरांनी स्वतःच्या घरी बोलावून स्पूलच्या टेपवर तीन गाणी घेतली होती. मी ती मागाहून कॅसेटवर उतरवली. देवराव शाहीर म्हटलं की आमच्या इंदोरा वस्तीतच काय, पार कामठीपर्यंत लोक ओळखायचे. घरात मात्र बाबा कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत. गिरणीतून यायचे, जेवायचे, झोपायचे. गळा आमच्यासाठी नव्हताच.

९ ऑक्टोबरला त्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी आईने त्यांना ऐकायचं आणि ओळखायचं. ठरलं! दोष आईचा नाही, आमच्या फुटकळ टेपरेकॉर्डरचा आहे. हाय-फाय लागेल. स्टिरिओ.

१० ऑगस्ट

गोपिकाला सांगितलं. ती म्हणे, "फ्रिज म्हटलं की तुमाले पगार दिसते, अन् स्पीकर म्हटलं की आई दिसते!"

बायको चांगली आहे, पण मुद्द्याला धरून बोलत नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

धरमपेठेत भैयाजी वकिलांकडे गेलो. मागच्या महिन्यात त्यांचा फोन दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा त्यांची गाणी ऐकायची खोली पाहिली होती. मी टेलिफोन खात्यात, म्हणजे आवाजातलं मला कळतं असा घरच्यांचा समज आहे. माझाही होता. आज गेला.

दर रविवारी तिथे पाच जण जमतात. डोळे मिटून बसतात. मला वाटलं आता गाणं होईल. पहिल्या रेकॉर्डवर आगगाडी! डावीकडून आली, उजवीकडे गेली. सगळे "वा!" म्हणाले. दुसरीवर काचेचा ग्लास फुटला. पुन्हा वा. तिसरीवर एक बाई गायला लागली. बरं वाटत होतं, तेवढ्यात भैयाजी उठले आणि वायर बदलली. बाई पहिल्यापासून गायला लागली. असं चार वेळा. त्या बाईचं गाणं पुढे कसं जातं हे त्या खोलीत कोणालाच माहीत नाही.

पण ज्ञान पुष्कळ मिळालं. स्पीकर 'संगीतमय' हवा, नुसता मोठा नको. दोन पेट्या समोर, आपण बरोबर मधोमध, दोन्हींपासून सारख्या अंतरावर. "एक फूट सरकलात की संपलं," भैयाजी म्हणाले. काय संपलं ते विचारायचं धैर्य झालं नाही.

१७ ऑगस्ट

ऑफिसमध्ये भैयाजींकडून उचललेला 'मिड-रेंज' हा शब्द तीन वेळा वापरला. साहेबांनी मान डोलावली. त्यांनाही कळत नाही!

२१ ऑगस्ट, रविवार

बर्डीच्या बाजारात रुपरावच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बनवतो. मी मिड-रेंज म्हणालो. त्याने सोल्डरिंगची काडी खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, पयले स्पीकर पसंत करा. मंग त्याले झेपन असा अ‍ॅम्प्लिफायर मी देतो. उलटं कराल तर जळन. आयकाचं काय हाय पन तुमाले?"

बाबांची गाणी म्हणालो. तो एकदम उभाच राहिला. "देवराव शाहिराचे पोरगे व्हय का तुमी? लहानपनी आयकलं हाय गा मी त्याहिले!" आणि मिड-रेंजबद्दल पुढे कोणी बोललं नाही.

२८ ऑगस्ट, रविवार

रुपरावने ऐकून पाहायला स्पीकर दिले. पेट्या संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्यांच्या, आतून कापूस. बाहेरून काळं कापड लावलं होतं. भैयाजींना दाखवायला धरमपेठेत घेऊन गेलो. कुठले, ते सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, फक्त बोललो नाही.

पाचही जणांनी डोळे मिटले. "इंग्लिश," एक म्हणाला. "जुनं लाकूड. ओकचं असणार." भैयाजी म्हणाले, "ह्या आवाजाला एक संयम आहे."

येताना रिक्षात एक पेटी उलटी झाली. तळाच्या फळीवर संत्र्यांच्या गावाचा, 'नरखेड' असा छाप होता.

हसू आवरेना. आणि तरीही इंग्लिश वाटल्याचा मला आनंदच झाला! माणूस किती मूर्ख असतो.

४ सप्टेंबर, रविवार

तेच स्पीकर ठेवून घेतले. सागवानी पेट्या सुताराकडून करवल्या. चार ओहमचे आहेत, म्हणजे जास्त करंट ओढणारे; रुपरावने त्यांना जुळेल असाच अ‍ॅम्प्लिफायर बांधून दिला. घरात आणताच आईने दोन्ही पेट्यांवर विणलेले रुमाल टाकले, एकीवर बाबांचा फोटो ठेवला.

बाबांची कॅसेट लावली. काय सांगू! श्वास घेतलेला ऐकू येतो. डफावरचं बोट ऐकू येतं. माझ्या अंगावर काटा आला.

आईने पदर डोक्यावर ओढून घेतला. "अगा, हा तं समोरच येऊन बसला! परका मानूस घरात गाऊन राहिला असं वाटते. बंद कर बापा."

परका!

५ सप्टेंबर

बोललो नाही आईशी.

६ सप्टेंबर

बोललो. तिने वांग्याची भाजी केली होती.

१८ सप्टेंबर, रविवार

बाबांची कॅसेट घेऊन भैयाजींकडे गेलो. खरं म्हणजे त्यांना घरीच बोलावलं होतं. "इंदोरा? फार आडबाजूला पडतं हो," म्हणाले. इंदोऱ्याहून धरमपेठ आडबाजूला पडत नाही, धरमपेठेहून इंदोरा मात्र पडतं. हे भूगोलात शिकवत नाहीत.

लावली. या खेपेला वायर न बदलता एक गाणं पूर्ण झालं. भैयाजींनी डोळे उघडले.

"छान. खोली छान ऐकू येते. मागची भिंत मातीची आहे ना? स्पष्ट कळतं."

खोली! माझा बाप गातो आहे आणि हा माणूस भिंत ऐकतो आहे! तिथेच कॅसेट काढून उठायला हवं होतं. उठलो नाही. "हो, मातीची," म्हणालो. वर त्यांचा सल्लाही ऐकून घेतला: आईला आवाज परका वाटतो कारण तो पातळ आहे, स्पीकरची आणखी एक जोडी जोडा, म्हणजे गायक भरून येईल.

स्वतःची लाज वाटते. तरी दुसरी जोडी आणणार आहे. दुसरं काय करू? तीन आठवडे राहिले.

२ ऑक्टोबर, रविवार

दुसरी जोडी आणली. रुपराव बजावून म्हणाला, "एका बैलाले दोन गाड्या जुपून राहिले तुमी. एक गानं बी नाई निभनार. काहून आयकत नाई गा?"

मी त्याला भैयाजींना ऐकू आलेल्या संयमाबद्दल सांगितलं. तो हसला. ती संत्र्याच्या फळ्यांची पेटी त्यानेच ठोकली होती.

८ ऑक्टोबर

नत्थूजी मंडपवाले दारापुढे मंडप घालून गेले. कार्यक्रम कोणताही असो, त्यांचा भोंगा निंबावर चढलाच पाहिजे. नको म्हणून सांगितलं, घरात हाय-फाय आहे. "भन्तेजीच्या वंदनेले तं लागन का नाई?" म्हणाले आणि बांधला. पत्र्याचा, पोचे पडलेला, बाबांच्या कार्यक्रमांच्या वेळचा.

आईला सांगून ठेवलं आहे, उद्या खुर्चीवर मधोमध बसायचं. ती म्हणाली, "खीर कोन ढवळन?"

९ ऑक्टोबर, रविवार

वंदना झाली. माणसं पुष्कळ आली. भैयाजींना काम निघालं.

चारही पेट्या ओळीने मांडल्या. मधली खुर्ची रिकामी. आई मागच्या अंगणात चुलीपाशी, हलेना. म्हटलं, तिच्यापर्यंत आवाज पोचला की येईलच. बटण दाबलं. बाबांनी पहिली तान घेतली, आवाज भरून आला, खरोखर भरून आला! आणि वास सुटला. मग धूर. मग काहीच नाही. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. बाबांच्या वर्षाला मी बाबांनाच गप्प केलं. कुठे तोंड लपवू असं झालं.

नत्थूजी म्हणाले, "आन इकडं ते कॅसेट. माया भोंगा आजलग नाई जळला."

दिली. भोंगा आधी शिटी मारून किंचाळला. मग बाबा. नाकातून, पत्र्यातून, चिरका आवाज. ठेका गायब. निम्मे शब्द वाऱ्यावर. मी मान खाली घालून उभा राहिलो.

आणि आई बाहेर आली. हातात पळी तशीच. मंडपात इतक्या खुर्च्या, पण ती दाराच्या उंबऱ्यावरच बसली.

"आले," म्हणाली. "हेच! हेच ते."

तिन्ही गाणी होईपर्यंत हलली नाही. डोळे वाहत होते. एक हात मांडीवर हळूहळू पडत होता. ठेका धरत असेल म्हणावं, तर ठेक्यात नव्हता.

खीर करपली. तरी सगळ्यांनी खाल्ली.

मला आनंद व्हायला हवा. झाला नाही. दोन महिने मी हे काय करत होतो?

१० ऑक्टोबर

सकाळी आईला विचारलंच. घरात इतके साफ ऐकू येत होते तेव्हा परके, आणि भोंग्यातून ओळखू आले?

"मी त्याहिले गाताना कधी पाह्यलंच नाई गा. तुले लहानपनी दमा. थंडीच्या रातीतून तुले घेऊन कुठं जाऊ? दारात बसो, तुले मांडीवर थोपटत. निंबावरून आवाज ये, तो आयको."

मग उठली. खुर्ची ओढली, दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध ठेवली, पदर सारखा केला आणि बसली.

"लाव आता. समोरून कसे गात होते, एक डाव पाहू दे मले."

अ‍ॅम्प्लिफायर जळाला आहे हे तिला सांगवेना.