अकरावा तक्ता

मुलचेरा, ९ फेब्रुवारी १९८७

रंग वाळेपर्यंत तक्त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेत आणि गुडघ्यावर वही घेऊन लिहिते आहे. गुलाबभाऊस वच्छलाचा सप्रेम जयभीम.

२८ तारखेला देशात पहिल्यांदाच विज्ञान दिन आहे. आपल्या लोकांनी काय काय शोधले, त्याचे दहा तक्ते शाळेत लावायचे आहेत. शून्य झाले, रामन यांचा प्रकाश झाला. उपग्रहाचे चित्र तुमच्या वाचनालयात असेल तर पाठव. बॉयलरपाशी राहून नुसता काळा होऊ नकोस.

शाळेत पाणी भरणाऱ्या माखनबाला मावशी इथल्या बंगाली गावच्या. त्या म्हणतात, मीठ-साखरेचे पाणीही लिहा बाई. एकाहत्तरला निर्वासितांच्या छावणीत हगवण पसरली, सलाईन संपले, तेव्हा आपल्याच डॉक्टरांनी ते पाजून माणसे वाचवली, त्यांत त्याही. मी म्हटले, मावशी, हे विज्ञान आहे, स्वयंपाक नाही. मी हसले. त्याही हसल्या, पण मागाहून.

सुजाताला दात किती आले? आत्याची आठवण तिला देत जा.

वच्छला

ऊर्जानगर, १५ फेब्रुवारी

चि. वच्छलास जयभीम व आशीर्वाद.

चित्र सोबत आहे. मासिकातून ब्लेडने कापले, कोणाजवळ बोलू नको.

सुजाताला दात सहा. कालपासून हगवण लागली आहे. आई म्हणते, पाणी पाजू नोका, जेवढं पाजसान तेवढं निघते. म्हणून पाणी बंद ठेवले. पोरगी पाण्याच्या गुंडाकडे हात करते, म्हणून तुझ्या रुखमावहिनीने गुंड आत नेऊन ठेवला. रुखमाने तुझे पत्र वाचले, मीठ-साखरेचे पाणी देऊन पाहू म्हणत होती. मीच नाही म्हटले. शिकलेली बाई हसून राह्यली, तर आपण काऊन करायचे?

काळजी नसावी. माया असू दे.

गुलाब

मुलचेरा, १८ फेब्रुवारी

भाऊ, पाणी द्या. जयभीम मागाहून.

मावशींना विचारले, दवाखान्यातल्या सिस्टरलाही विचारले. दोघींचे एकच प्रमाण. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्याचमच्याने पाजायचे. उलटी झाली तर थोडे थांबून पुन्हा. आणि लगेच दवाखान्यात न्या.

मी हसले ते चुकले. आईवर रागावू नको. टपालाला वेळ लागेल, म्हणून चंद्रपूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते.

वच्छला

ऊर्जानगर, २० फेब्रुवारी

चि. वच्छलास,

कंडक्टर भला माणूस. अठराच्या संध्याकाळी क्वार्टर शोधत आला. आम्ही तेव्हा सुजाताला माती देऊन परतलो होतो. सोळाला दवाखान्यात नेले होते. अंगातले पाणी संपले, फार उशीर केला, असे डॉक्टर म्हणाले.

आईला वाचता येत नाही, तरी तुझे पत्र घेऊन बसते. सहाच चमचे काय, असे विचारते. साखर तर घरात होती, म्हणते.

तुला दोष देत नाही. नाही म्हणणारा मी होतो. उपग्रहाचे चित्र नीट लाव.

गुलाब

मुलचेरा, २७ फेब्रुवारी

गुलाबभाऊस जयभीम.

अकरावा तक्ता केला. उपग्रहाच्या शेजारी लावला. चमचे मावशींनी सांगितले तसे काढले, सहा आणि अर्धा. अक्षरे मोठी ठेवली आहेत.

रुखमावहिनीला काय लिहू, सुचत नाही. तिला जवळ बसवून हे वाचून दाखव.

वच्छला

ता.क. २८, सकाळी. पत्र टाकायचे राहिले होते. दहाच्या गाडीने आई एकटीच आली. मुलांकडून अकरावा तक्ता तीनदा वाचून घेतला. चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवला. मग मावशींजवळ पाणी मागितले आणि प्यायली.